हवेचा बाटला

हरेशला गाव येडा म्हणायचं ते काही उगाच नाही. ज्याच्या जीपमध्ये बायकोला पाय ठेवायला जागा नाही, पण हवेला जागा आहे, त्याला दुसरं काय म्हणणार?

गोष्ट दोन हजार अकराच्या आसपासची. पनवेलच्या खाडीकडच्या गावांत तेव्हा जमिनीचा पैसा नवानवा आला होता, आणि ज्याच्या त्याच्या दारात काही ना काही उभं राहत होतं. कुणी तीन मजले चढवले आणि गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी बसवली. कुणी गळ्यात एवढं सोनं घातलं की मान वर होईना. हरेशने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणली, ती उचलून दीड हात उंच केली आणि खाली मुंबईहून आणलेले रानटी टायर चढवले. ते टायर तो आंघोळीआधी धुवायचा. म्हणजे आधी टायरची आंघोळ, मग स्वतःची, आणि पाणी उरलं तर घरच्यांची.

दर रविवारी हा गडी जीप घेऊन कधी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ओढ्यात, कधी उरणकडच्या वाळूत घुसायचा. रुतायचा. मग कुणाचा तरी ट्रॅक्टर बोलावून बाहेर यायचा आणि विजयी चेहऱ्याने घरी परतायचा. त्याची बायको मनिषा दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणायची, "बाकीच्यांचे नवरे रविवारी मटण आणतात, आमचे चिखल आणतात!"

आता हवेचं प्रकरण काय, ते सांगतो. वाळूत किंवा चिखलात घुसायचं तर टायरमधली हवा काढावी लागते. टायर बसका झाला की पसरतो, आणि पसरला की रुतत नाही. पण डांबरी रस्त्यावर परत आलात की ती हवा पुन्हा भरायला हवी. नाही भरली आणि तशीच गाडी पळवली, तर टायर तापतो, फाटतो, आणि रिंग उघडी पडते. थोडक्यात, हवा काढायला कुणीही चालतं, भरायला मात्र सोय लागते. आणि चिखलात कुठला आलाय पंक्चरवाला?

हरेशने आधी पायाचा पंप घेतला. एक टायर भरून झाला आणि हरेश रस्त्याच्या कडेला आडवा. मग बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर आणला. तो दुसऱ्याच रविवारी धूर सोडून मोकळा झाला. मग एक दिवस हरेश पनवेलच्या बाजारात काशिराम सोडावाल्याच्या दुकानात ढेकर देत बसला असताना त्याची नजर सोड्याच्या मशीनला जोडलेल्या लोखंडी बाटल्यावर गेली. एवढासा बाटला, आणि त्यातल्या गॅसवर अख्ख्या बाजाराला ढेकर! हरेशने विचारलं, "काशिरामशेठ, हा गॅस टायरमध्ये भरला तर?"

काशिराम म्हणाला, "भर की. टायरला काय, पोटाला काय, फुगायचंच काम."

झालं. हरेशने तसाच एक बाटला विकत घेतला, त्याला रेग्युलेटर आणि लांब नळी लावली, आणि जीपच्या मागच्या बाजूला पट्ट्यांनी आवळून टाकला. गॅस भरून द्यायचा काशिरामने. नळी लावली, चावी फिरवली, की टायर डोळ्यांदेखत टुम्म! हरेशला एवढा आनंद पोटच्या पोराने पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही झाला नव्हता, असं मनिषा सांगते, आणि ती खोटं बोलत नाही. गावाला मात्र बोलायला विषय मिळाला. जगात फुकट मिळणारी एक हवाच काय ती राहिली होती, तीही ह्या बाबाने विकत आणली! कट्ट्यावरची माणसं त्याला बघून मुद्दाम मोठा श्वास घ्यायची आणि विचारायची, "हरेश, हे आमचं चालंल ना? का याचेपन पैसे देऊ?"

हरेश ऐकून घ्यायचा. म्हणायचा, "हसा. एक दिवस हाच बाटला कामाला येईल."

तो दिवस आला तो त्याच्या बहिणीच्या लग्नाचा.

बहीण कोमल. बाप लहानपणीच गेला, आणि आई, जनी, तीन वर्षांपूर्वी. कोमलने लग्नात काही म्हणता काही मागितलं नाही. नवऱ्या मुलाकडचे तळोज्याचे, त्यांनी म्हटलं भटजी आमचा, हिने मान हलवली. त्यांनी म्हटलं वाजवायला बँजो आमचा, हिने मान हलवली. फक्त एका गोष्टीला ती अडून बसली. धवले भामा आजीच म्हणणार.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही म्हातारी बाई मांडवात उभी राहून लग्नाची गाणी म्हणते. त्या गाण्यांना धवले म्हणायचं. पूर्वी तर सगळं लग्न तीच लावायची, भटजीला कोण विचारतो! आता भटजी येतो, माइक येतो, व्हिडिओवाला येतो, आणि धवलारीण कुठल्या तरी कोपऱ्यात बसते. पण धवल्यात एक गोष्ट असते जी भटजीच्या मंत्रात नसते. त्यात घरच्या माणसांची नावं गुंफतात. जिवंत असलेल्यांची आणि गेलेल्यांचीही. भामा आजीने जनीच्या लग्नात धवले म्हटले होते. जनीला तिने नवरी म्हणून पाहिलेलं.

"दादा," कोमल हरेशला म्हणाली होती, "भटजी आयचं नाव घेनार नाय. भामा आजी घेईल. मना मांडवान आयचं नाव ऐकायचं हाय. बस."

हरेशने तेव्हाच शब्द दिला होता.

हळद दणक्यात झाली. आगऱ्यांची हळद कशी होते ते पाहिलेल्याला सांगायला नको, आणि न पाहिलेल्याला सांगून पटणार नाही. सकाळी हरेशला जाग आली तेव्हा त्याचं डोकं मांडवाच्या खांबाला टेकलेलं होतं, अंगावर हळद, तोंडात वाळवंट, आणि काल जेवलो का नाही हेसुद्धा आठवेना. तेवढ्यात मनिषा फोन घेऊन आली. तिचा चेहरा बघून त्याची उतरली.

भामा आजी राहायची जासईच्या पुढे, खाडीकाठच्या एका पाड्यावर. तिला आणायला रिक्षा पाठवली होती. पण जासईच्या रस्त्यावर कंटेनरचा एक ट्रेलर आडवा झाला होता, आणि त्याच्यामागे बाकीच्या ट्रेलरची रांग अशी लागली होती की रिक्षावाला अर्ध्यातून माघारी फिरला.

"मग लागू द्या लग्न," नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला. हा चारुदत्त. तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर. सारी हयात पाळीच्या भोंग्यावर गेलेली, त्यामुळे घड्याळाशिवाय दुसऱ्या कुठल्याही देवावर त्याचा विश्वास नव्हता. रात्री हळदीला येऊन गेलेला, तरी सकाळीच पुन्हा येऊन खुर्ची टाकून बसला होता. "मुहूर्त म्हणजे मुहूर्त. बाराचा म्हणजे बाराचा. म्हातारी आली तर आली, नाय तर भटजी हाय ना? गाणी काय, सीडी लावू!"

कोमल दारात उभी होती. मुंडावळ्या बांधायच्या बाकी होत्या. तिने फक्त हरेशकडे बघितलं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आई जाताना ह्या पोरीचा हात त्याच्या हातात देऊन गेली होती, आणि पोरीने उभ्या आयुष्यात मागून मागून मागितलं काय, तर आईचं नाव.

तो ताडकन उभा राहिला. अंगणाने एक गिरकी घेतली, ती त्याने खांब धरून थांबवली.

"मी आणतो. रस्त्याला जाम हाय ना? मी मिठागरातून जातो! आज बघा माझी जीप!" आणि माणूस एकदा चढला की थांबतो थोडाच? सगळ्यांसमोर हात वर करून म्हणाला, "मुहूर्ताच्या आधी भामा आजीला मांडवान उतरवली नाय, तर ही जीप दादूला बरफ वाहायला देऊन टाकीन!"

दादू त्याचा चुलतभाऊ. बंदरावर मासळीसाठी बरफ पोचवायचा. तो कोपऱ्यात पोहे खात होता, त्याने घास गिळून पहिला प्रश्न विचारला, "चावी कंची? काळी का चांदीची?"

हरेश निघाला. गव्हाण फाट्यापर्यंत रस्ता मोकळा. पुढे ट्रेलरच ट्रेलर, ड्रायव्हर लोक खाली उतरून स्टोव्हवर चहा करत बसलेले. हरेशने जीप रस्त्यावरून खाली घातली, बांधाच्या कडेला थांबवली, आणि चारी टायरची हवा काढली. मिठागरातला चिखल म्हणजे साधा चिखल नव्हे, तो पाय धरतो आणि वर चप्पल ठेवून घेतो. म्हणून त्याने हवा चांगली सढळ हाताने काढली, टायरची पोटं जमिनीला टेकेपर्यंत. भरायची काय काळजी? बाटला मागे आहेच. त्याने बाटल्यावर प्रेमाने एक थाप मारली. लोखंडच ते, भरलेलं काय, रिकामं काय, थापेला सारखंच वाजलं.

आणि काय गेली हो जीप! खोटं कशाला बोलू, बघण्यासारखी गेली. बांधावरून, वाफ्यांच्या कडेकडेने, चिखल उडवत, बगळे उठवत. मीठ ओढणारे गडी फावडी टेकून बघत राहिले. एकदाही रुतली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा! हरेश एकटाच गाडीत ओरडत होता, आणि हे बघायला नेमकं गावातलं एकही माणूस नाही म्हणून हळहळतही होता.

भामा आजी पाड्याच्या तोंडाशी गाठोडं घेऊन तयारच बसली होती. चिपाडासारखी बाई, तोंडात दात औषधाला नाही, पण आवाज असा की पलीकडच्या काठाची कुत्री उठून बसतील. तिने जीप पायापासून डोक्यापर्यंत पाहिली. आजीच्या जुन्या बोलीत 'ड' आणि 'ढ'चा 'र' होतो, तेवढं ध्यानात ठेवून ऐका.

"ही गारी हाय का माची? मी चरू कशी? शिरी आणलीस?"

हरेशने तिला उचलून सीटवर ठेवली. तिने पदर खोचला, गाठोडं मांडीवर घेतलं आणि मागे वळून विचारलं, "न् ह्यो बाटला कसला? लग्नान रांदतस का काय गारीत?"

"हवा हाय त्याच्यात, आजी."

"हवा?" आजीने खाडीवरून येणाऱ्या भणाण वाऱ्याकडे बघितलं, मग हरेशकडे. "बरा हायस ना र पोरा?"

परतीच्या वाटेवर आजीने प्रत्येक खड्ड्याला हरेशच्या एकेका पूर्वजाचा उद्धार केला. पण जीप पोचली. ट्रेलरची रांग मागे टाकून, फाट्याच्या अलीकडे, मोकळ्या डांबरी रस्त्यावर. मुहूर्ताला अजून वेळ होता. चार टायर भरायचे आणि सुटायचं. हरेशने शीळ घालत नळी काढली, टायरला लावली आणि चावी फिरवली.

काही नाही.

अजून फिरवली. फुस्सही झालं नाही. बाटला गप्प, तोंडात मारल्यासारखा.

हरेशच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बाटला हलवला, कान लावला, लाथ मारली, पायाचा अंगठा धरून नाचला. परवाच काशिरामने गच्च भरून दिलेला! "चोरला! कुणी तरी माझा गॅस चोरला! घरात पाहुणे का दरोडेखोर? सापडू दे, त्याच्याच नाकात ही नळी घालून फुगवतो का नाही बघ!"

समोर पंक्चरची टपरी होती. हरेश पळत गेला. पंक्चरवाला बाकड्यावर निवांत पहुडला होता. "लाइट गेलीय भाऊ. मशीन बंद. येईल दुपारनंतर." पलीकडच्या टपरीचीही तीच गत. पायाचा पंप तर हरेशने बाटला आल्यावर माजाने भंगारात घातला होता. असं असतं बघा, हौस आली की माणूस आधी जुनी चप्पल फेकतो.

उन्हाचा तडाखा वाढला होता. आजी म्हणाली, "पानी दे जरा. घसा सुकला त गानार काय, कप्पाल?"

हरेशने मागे पाणी शोधलं. बाटलीत पाणी नव्हतं. पण सीटखाली, गोणपाटाने झाकलेला, एक लाकडी क्रेट होता. त्यात सोड्याच्या गोटीच्या बाटल्या. हा क्रेट कुठून आला, ह्याचा विचार करायला वेळ नव्हता. त्याने अंगठ्याने गोटी दाबून एक बाटली फोडली आणि आजीला दिली.

आजीने बाटली घटाघटा रिकामी केली. डोळे मिटले. आणि मग जी ढेकर दिली, ती ऐकून पंक्चरवाला बाकड्यावरून उठून बसला.

"झ्याक गॅस हाय!" आजी म्हणाली.

गॅस. हरेशने तिच्याकडे बघितलं. मग क्रेटकडे, मग बाटल्याकडे. डोक्यात कुठेतरी कालच्या बँजोचा आवाज घुमायला लागला. त्याने खिशातून फोन काढला आणि दादूला लावला.

"दाद्या, माझ्या जीपमधी सोड्याचा क्रेट कोणी ठेवला?"

"मी," दादू म्हणाला. "तूच सांगितलंस ना!"

"मी?"

"मंग कोण? काल मांडवान काशिरामशेठची मशीन लावलेली, तिचा गॅस संपला. सोडा बंद. पाव्हणे बोंबलायला लागले, तळोजावाले त उठून चालले होते. तवा तू खुर्चीवर चढलास न् बोललास, 'माझी बहीण उजवते न् पाव्हणा कोरडा पितो? नवरीचा भाऊ अजून जिता हाय!' न् स्वतः खांद्यावर बाटला घेऊन आलास, नाचत. अख्ख्या मांडवाला सोडा पाजलास! लोकांनी टाळ्या वाजवल्या र!"

हरेश रस्त्याच्या कडेला हळूच खाली बसला. "आणि... क्रेट?"

"शेवटाला तू बोललास, 'जो गॅस उरलाय त्यो माझा हाय, माझ्या गाडीत परत ठेव.' मी ठेवला. रिकामा बाटलापन जागच्या जागी बांधून ठेवला, पट्ट्या आवळून. का र? काय कमी हाय का त्यात?"

बिचाऱ्या दादूला काय बोलणार! त्याने सांगितलेलं काम चोख केलं होतं. हरेशने फोन बंद केला. ज्या चोराच्या नाकात नळी घालायची होती, तो चोर सापडला, आणि नाकही ओळखीचं निघालं. पाहुण्यांच्या पोटात गेली ती सोडून हरेशची सगळी हवा त्याच्या गाडीतच होती. फक्त बाटल्यांत बसली होती, गोट्या लावून.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. हरेशने काडी पकडली. एक बाटली घेतली, खूप हलवली, गोटी दाबली आणि तोंड टायरच्या व्हॉल्व्हला घट्ट लावलं. टायरमध्ये काही गेलं नाही. सगळा फवारा उलटा फिरून आजीच्या अंगावर गेला, लुगडं, कपाळ, गाठोड्यातले तांदूळ सगळं चिंब.

"मेल्या!" आजी ओरडली. "हलद नवरीला लावतात, मना कशाला आंघोल घालतस?"

शेवटी हरेशने तिला सगळं सांगून टाकलं. "आजी, मीच माझ्या हाताने वाट लावली गो. कोणाला सांगू नको. गाव मना जगू देनार नाय."

"मी कशाला सांगू?" आजी पदर पिळत म्हणाली. "मी काय चुगलखोर हाय?"

आता दोनच रस्ते होते. बैलगाडीच्या चालीने गेलं तर टायर वाचले असते आणि मुहूर्त गेला असता. गाडी पळवली तर मुहूर्त सापडला असता आणि टायरचं भजं झालं असतं. हे टायर हरेशने स्वतःच्या हाताने धुतलेले, रात्री उठून टॉर्च मारून बघितलेले. मनिषा म्हणायची, माझ्या पायात काटा गेला तर म्हणतील चालून बघ, टायरला खडा लागला तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. तो उठला आणि एका टायरवर हात ठेवून उभा राहिला.

"टायर आनखी भेटंल," आजी म्हणाली. "जनीची लेक आनखी एकदा नवरी नाय व्हनार."

"माहीत हाय गो," हरेश म्हणाला, आणि गाडी चालू करून सुसाट सोडली.

पुढचा रस्ता पनवेलकरांनी बराच काळ लक्षात ठेवला. जीप दारू प्यायल्यासारखी ह्या कडेवरून त्या कडेला जात होती. टायर आधी फडफडले, मग तापले, मग जळक्या रबराचा असा वास सुटला की तळोज्याची चिमणी इकडे आली का काय, म्हणून लोकांनी खिडक्या लावल्या. पहिला टायर पुलाच्या उतारावर फाटला. हरेशने फक्त एकदा डोळे मिटले. दुसरा गावाच्या वेशीवर गेला. शेवटच्या वळणाला जीप रिंगांवर चालत होती आणि ठिणग्या उडत होत्या. आजी पुढची दांडी धरून ओरडत होती, "हान! हान! थांबू नको!" म्हातारीला मजा यायला लागली होती.

मांडवात अंतरपाट धरायची तयारी चालली होती. चारुदत्त घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभा होता. भटजींनी माइकवर फुंकर मारली. कोमल पाटावर खाली मान घालून बसली होती. आणि तेवढ्यात, खडखड, खणखण, भंगारवाल्याची हातगाडी डोंगरावरून कोसळावी तशी जीप मांडवाच्या दारात येऊन आडवी थांबली. चिखलाने माखलेली, खाली टायरच्या नुसत्या चिंध्या.

हरेशने आजीला उचलून मांडवात आणून ठेवली. "अजून बारा वाजायचे हायत," तो चारुदत्तला म्हणाला. चारुदत्तने घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, आणि नाइलाजाने कबूल केलं, "हायत."

आजीने ओल्या लुगड्याचा पदर सारखा केला. भटजींनी पुढे केलेला माइक तिने हाताने बाजूला सारला. भिजलेले तांदूळ मुठीत घेतले, कोमलच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज काढला.

*मांडवाचे दारी गो, जनी उबी हाय*
*जनीचे लेकीला गो, हलद लागली हाय*

कोमलची मान वर आली. आईचं नाव ऐकलं आणि पोरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पुसायलाही हात उचलला नाही तिने. हरेश खांबाला धरून उभा होता, तोच खांब. त्याला वाटलं, आई खरंच दारात उभी असेल, हात पदराला पुसत, आता आत येईल. टायर गेले ते गेले. चार काय, चाळीस गेले असते तरी त्याला चाललं असतं.

पण धवलारीण एकदा सुटली की कुणाच्या बापाची नसते. आजीने श्वास घेतला, हरेशकडे तिरकी नजर टाकली, आणि पुढचं कडवं उचललं.

*जनी पुसते भामेला, कशी आलीस बाय?*
*तुजे हरेसचे गारीन गो, टायरीन हवा नाय*

कुणीतरी खुदकन हसलं. हरेशने घाईघाईने हात जोडले. आजीने डोळेच मिटून घेतले.

*कुटं गेली हवा गो, कुनी नेली हाय?*
*हलदीला सोड्यान घालून, पाव्हन्यांनी पिली हाय*

आता मांडव फुटला. दादू पोट धरून खाली बसला. मनिषा तोंडात पदर कोंबून हलत होती. चारुदत्त, ज्याने काल रात्री सगळ्यात जास्त सोडा रिचवला होता, तो कावराबावरा होऊन छताकडे बघायला लागला. अख्ख्या गावासमोर, नवऱ्या मुलाकडच्यांसमोर, व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यासमोर! हरेशला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि आजीने सगळ्यांचं हसू ओसरू दिलं, आवाज खाली आणला, आणि शेवटचं कडवं म्हटलं.

*कुनी दिली वाटून गो, कोन तो येरा हाय?*
*जनी हासून बोलली, माजाच पोऱ्या हाय*

हसणारे हसतच होते, पण आता काही बाया डोळेही पुसत होत्या. कोमल रडता रडता हसली आणि हसता हसता तिने भावाकडे बघून हात लांब केला. हरेश पुढे गेला नाही. त्याला जाववेना. तो मांडवाबाहेर आला, जीपच्या उघड्या रिंगेला पाठ टेकून बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. आतून भटजींचा आवाज यायला लागला, मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडल्या.

थोड्या वेळाने मनिषा बाहेर आली. तिने फाटक्या टायरची एक चिंधी उचलली, उलटून पालटून पाहिली आणि त्याच्या शेजारी धुळीत, नव्या शालूसकट बसली.

"घेऊ नवे," ती म्हणाली. "पन आधी एक रविवार मटण आना."